निऱ्यांचं भेदरं

माणसाला छळण्याचे जगात जितके प्रकार आहेत त्यांत टमाटर सगळ्यात वरचा, हे मी माझ्या साडभाऊंच्या अनुभवावरून छातीठोकपणे सांगू शकतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाकीचा महाराष्ट्र या नात्याला नुसतं साडू म्हणून मोकळा होतो. आम्ही नागपूरकर त्याला भाऊ जोडतो, आणि एकदा भाऊ म्हटलं की ऐकून घेणं आलंच. ते राहतात शहराच्या पार टोकाला, बेसाला, स्वतःचं घर, वर ऐसपैस गच्ची. मी राहतो सदरला, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. एवढं अंतर आणि एवढे जिने माझ्या बचावाला पुरतील अशी माझी भाबडी समजूत होती. पण सकाळी मी दाढीला बसलो की बेल वाजते आणि दारात साडभाऊ उभे असतात. हातात डबा, डब्यात टमाटराच्या फोडी. "चहा नाही घेतला ना अजून? मंग आ कर." तोंडाला साबणाचा फेस लागलेल्या माणसाला आ करायला सांगणारा दुसरा इसम मी पाहिलेला नाही.

साडभाऊ विणकराच्या घरातले. जी बोटं मागावर चालायची ती सरकारी कचेरीत गेली आणि नोकरीभर फायलींच्या नाड्या बांधत राहिली. निवृत्तीनंतर त्या बोटांना काहीतरी हवं होतं, ते टमाटर निघालं. तेही बाजारातलं नव्हे. बाजारातल्या गोल, गुळगुळीत टमाटराला ते टमाटर मानतच नाहीत. "हा चेंडू हाये गा. फेकला तं उसळते." त्यांना हवं असतं देठापासून खालपर्यंत चुण्या पडलेलं, फुगीर, वेडंवाकडं, जुन्या जातीचं टमाटर, ज्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तेच उगवतं. त्या चुण्यांना ते निऱ्या म्हणतात. मागावरच्या घरातला माणूस, दुसरा शब्द कुठून आणणार? आमच्याकडची जुनी माणसं टमाटराला भेदरं म्हणायची, आणि साडभाऊंचं ठाम मत आहे की अस्सल भेदरं निऱ्यांचंच असतं. निऱ्या गेल्या तिथेच चव गेली.

हे सगळं वेड म्हणून सोडून देता आलं असतं, पण त्यामागे ताई होत्या. ताई म्हणजे माझी मेहुणी, त्यांची बायको. मागे त्यांना लांबलेला ताप आला आणि तो जाताना जिभेची चव घेऊन गेला. वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाही तर नाहीही येणार. आता ज्यांनी ताईंना पूर्वी पाहिलंय त्यांनाच यातलं दुःख कळेल. ताई म्हणजे खोट काढण्याचं चालतंबोलतं खातं. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेतला की त्या थांबायच्या आणि वरणात काय कमी आहे ते आचाऱ्याला बोलावून सांगायच्या. माझ्या बायकोने केलेली एकही भाजी त्यांच्या परीक्षेत कधी पास झाली नाही. चव गेल्यापासून मात्र ताई सगळ्याला "छान झालं" म्हणू लागल्या. करपलेला भातही छान, अळणी कढीही छान. बाकीचे नातेवाईक म्हणाले, बरं झालं, स्वभाव निवळला. साडभाऊंना मात्र ते 'छान' ऐकवत नसे. ते मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "छान म्हणते म्हणजे तिले काहीच लागून नाही राहिलं. जुन्या भेदराच्या आंबटपणानं मेलेली जीभ उठते गा. एक जात सापडली पाहिजे फक्त." या वाक्याला वैद्यकशास्त्रात काही आधार आहे का, असं मी विचारलं. त्यांनी मला उत्तर म्हणून एक फोड दिली.

मग सुरू झाली निवड. टपालाने कुठून कुठून बियांच्या पुड्या यायच्या, त्यांच्यावर जीभ अडखळेल अशी परदेशी नावं. साडभाऊंनी ती नावं रद्द केली आणि टमाटरांना नातेवाइकांची नावं दिली, गुण पाहून. जाड सालीच्या, कितीही शिजवा न वितळणाऱ्या जातीला आमच्या सासूबाईंचं नाव मिळालं. एक जात दिसायला इतकी देखणी होती की पाहत राहावं: हाताएवढी मोठी, निऱ्या अशा की कोणी बसून पाडल्यात, रंग लालभडक. कापली तर आत नुसती पोकळी आणि चवीला पाणी. तिचं नाव त्यांनी 'साडभाऊ' ठेवलं, म्हणजे माझं; तेही मला साडभाऊच म्हणतात. "दिसते भारी, आत काही नाही," असं ते माझ्यासमोर पाहुण्यांना समजावून सांगत, आणि पाहुणे एकदा टमाटराकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत.

उन्हाळ्यात तर कहर. नागपूरचं मे महिन्याचं ऊन गच्चीवर रोप ठेवत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. साडभाऊंनी उरलेली रोपं खालच्या बैठकीत आणली आणि घरातला एकुलता एक कूलर त्यांच्याकडे वळवला. आम्ही दोघं नवरा-बायको जेवायला गेलो होतो तेव्हा टमाटरं वाळ्याच्या गार वाऱ्यात डुलत होती आणि आम्ही घामाने निथळत पुऱ्या खात होतो. मी कूलरचं तोंड जरासं इकडे फिरवलं. "त्याईले फूल येऊन राहिलं," साडभाऊ म्हणाले आणि पुन्हा तिकडे फिरवलं. माणसांना फुलं येत नाहीत, हा आमचा दोष. जेवणाच्या टेबलावर बियांच्या वाट्या असतात त्या वेगळ्याच. बी धरायचं तर गर पाण्यात आंबू द्यावा लागतो, वर साय धरेपर्यंत, आणि तो वास त्या घरात इतका मुरला आहे की नवीन पाहुणा आधी गटार कुठे तुंबलंय ते विचारतो. एका लग्नात तर त्यांनी सॅलडच्या ताटात निऱ्यांची एक चकती पाहिली आणि शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाले, "तुम्ही हे खाऊन राहिल्या काय? नसन खात तं द्या." ती चकती त्यांनी रुमालात बांधून घरी आणली. त्या बाईंनी उरलेलं जेवण दुसऱ्या टेबलावर जाऊन केलं.

पण या सगळ्याहून वाईट म्हणजे चव पाहणं. साडभाऊंचा नियम असा की चव घेतल्याशिवाय कुठल्याही फळाचं बी धरायचं नाही. थंडीत, टमाटरं पिकली की रविवारी गच्चीवर बैठक. मीठ नाही, साखर नाही. दोन फोडींच्या मध्ये चार फुटाणे खायचे, पाण्याने चूळ भरायची, आणि मग सांगायचं. काय सांगायचं? मला टमाटरासारखं लागायचं. "चांगलं आहे," मी म्हणायचो. "चांगलं काय असते गा? आंबट किती, गोड किती, थे सांग. नोकरीत असंच 'योग्य कार्यवाही करावी' लिहून आयुष्य काढलं काय?" शेवटी फोडींची बशी ताईंपुढे जायची. ताई एक फोड तोंडात घालायच्या, नवऱ्याकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे." त्या शब्दासरशी ती जात बाद व्हायची. साडभाऊ रोप मुळासकट उपटायचे. दोन हिवाळे मी हे पाहिलं, आणि खरं सांगतो, मला ताईंपेक्षा त्या रोपांची दया यायची.

गेल्या वर्षी त्यांना भिवापूरकडच्या एका दूरच्या आत्याबाईंकडून बी मिळालं. आत्याबाईंच्या परसात हे भेदरं आपलंआपण उगवायचं, त्यांनी मूठभर बी फडक्याला चिकटवून वाळवून दिलं. साडभाऊंनी सगळं पेरलं. बेसाकडे वानरांच्या टोळ्या येतात. एका सकाळी वानरांनी वाफा साफ केला. वाचलं एकच रोप. त्याला फळं मोजकीच धरली, लहान, भेगाळलेली, निऱ्या इतक्या खोल की देठ शोधावा लागे. साडभाऊंनी त्यांना हातही लावू दिला नाही. पूर्ण पिकेपर्यंत, अगदी सुरकुतेपर्यंत ती रोपावर ठेवली, आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळी तोडून परडीत घातली. वरून ओलं फडकं. परडी स्वयंपाकघराच्या खिडकीत. बैठकीत सगळ्यात शेवटी ती वर आणायची, ताईंनी चव घ्यायची आणि मग बी धरायचं, असा बेत.

त्या दिवशी मी बायकोला बजावून गेलो होतो की आज मी साडभाऊंना स्पष्ट सांगणार, हा पोरखेळ आता बस. गच्चीवर माझ्या जिभेची साल निघायची वेळ आली, तरी मी स्पष्ट सांगण्याचा मुहूर्त शोधतच होतो. माझी बायको तीन फोडी खाऊन "मी भाकरी टाकते" म्हणून खाली निघून गेली. बऱ्याच वेळाने साडभाऊ परडी आणायला उठले. मी भुकेने त्यांच्या मागे गेलो, आणि माझ्या मागे ताई.

स्वयंपाकघराच्या दारात साडभाऊ थांबले. खिडकीतली परडी रिकामी होती. आमच्या घरांतून भेगाळलेलं, सुरकुतलेलं टमाटर दिसलं की बाई त्याचं दुसरं काही करतच नाही: विस्तवावर भाजते, लसूण-मिरची घालते आणि ठेचते. माझ्या बायकोने तेच केलं होतं. भिवापुरी मिरची घालून. सगळीच्या सगळी. बी भाजलं की संपलं, हे मलाही कळत होतं. खलबत्ता तिने धुवायला टाकून त्यात पाणीही भरलं होतं. तिने माझ्यासमोर आणि ताईंसमोर ताट ठेवलं, ज्वारीची भाकर आणि ती चटणी. साडभाऊंचा चेहरा मला पाहवेना. ते चौकट धरून उभे राहिले. मी निर्लज्जासारखे दोन घास खाल्ले, भूक लागली होती.

ताईंनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला आणि थांबल्या. मग त्यांचं तोंड वाकडं झालं.

"काय वं हे! किती आंबटढाण! गूळ नाही टाकला काय?"

माझी बायको सवयीने उत्तर द्यायला वळली आणि बहिणीच्या तोंडाकडे पाहू लागली.

"अन् साल काहून ठेवली? दातात अडकून राहिली." ताईंनी दुसरा घास घेतला. तोंड थांबलं नाही. "लसूण जाळला तू. मीठ बी कमी हाये."

"अजून?" साडभाऊंनी दारातून विचारलं. "अजून काय चुकलं?"

ताईंनी माझं ताट ओढून घेतलं. त्या खोट काढत गेल्या आणि खात गेल्या, रडत गेल्या आणि माझ्या बायकोला बोलत गेल्या. माझी बायको आयुष्यात पहिल्यांदा बहिणीची बोलणी खाताना रडत हसत होती. चटणी संपली तेव्हा आमच्या लक्षात आलं की साडभाऊंनी तिचा कणही चाखला नव्हता.

मी बायकोच्या वतीने माफी मागायला गेलो. "बी गेलं गा," साडभाऊ म्हणाले. "जाऊ दे. बी कशासाठी धरून राहिलो होतो मी?" तरी फळं तोडलेल्या त्या रोपाला त्यांनी उन्हाळ्यापर्यंत पाणी घातलं. एकही फूल आलं नाही, मग ते वाळलं. आत्याबाई मुलाकडे पुण्याला गेल्या आहेत आणि परसात फरशी बसली आहे. ते भेदरं आता कुठेच नाही.

ताईंची चव अर्धीमुर्धी परत आली. काही दिवस असतात, त्या स्वयंपाकघरात सगळ्यांचा उद्धार करतात. काही दिवस पुन्हा काहीच लागत नाही, मग त्या ताटापुढे गप्प बसतात. परवा मी गेलो तो असाच दिवस होता. साडभाऊ त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "त्या चटणीत काय चुकलं होतं, सांग पुन्हा." ताई सांगू लागल्या, आंबट होती, साल जाड होती, लसूण जळला होता. साडभाऊ डोळे मिटून ऐकत होते, मधूनच घास गिळल्यासारखं करत होते. या माणसावर मी वर्षानुवर्षं चिडत आलोय, पण त्या वेळी मीही माझी खुर्ची जवळ ओढली.

"अन् शेवटी जराशी गोड लागली होती," ताई म्हणाल्या.

साडभाऊंनी डोळे उघडले. "हे नव्हतं सांगितलं तू आजवर."

"आज आठवलं," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.