एका करवंटीत एकच रंग

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांट्या चुकतील, अक्षर वाकडं येईल, त्याची आधीच माफी मागते. कुणाला दाखवायला लिहीत नाही. डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते.

"हात पुढे कर गो."

रोज सकाळी हे ऐकायचं. वैनी ओसरीच्या पायरीवर उभ्या. मी खाली खळ्यात, म्हणजे अंगणात. दोन्ही हात पुढे करायचे, तळवे वर. वैनी पदर नाकाशी धरून वाकायच्या आणि माझे हात हुंगायच्या. मग माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलांचे. आमच्या वाड्यावरची, खालच्या वस्तीतली मुलं ती. चार-पाच वर्षांची. काही तर अजून नीट बोलत नव्हती.

"ह्याका म्हावऱ्याचो वास येता. घराक पाठव."

मासळीचा वास आला की घरी. मी त्या मुलाला पोचवून यायची. तोवर वरच्या आळीतली मुलं ओसरीवर चटईवर बसून हसत असायची. आमच्याकडे बघून नाक धरायची. त्यांना तो खेळ वाटे.

ही गोष्ट नवे पैसे नुकते चालू झाले तेव्हाची. मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. वर आळीत आंब्याच्या बागावाले. खाली वाळूत आम्ही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, मासे विकणारे. वैनी म्हणजे वरच्या आळीतल्या मोठ्या घरची बाई. सगळा गाव त्यांना वैनी म्हणे. महिला मंडळाची बालवाडी त्यांच्या ओसरीवर भरायची. गावातली सगळी मुलं यायला हवीत अशी वरून अट होती, म्हणून आमचीही घेतली. त्यांना आणायला-सांभाळायला आमच्यातली कुणीतरी हवी होती. मी चौथी पास. मला घेतलं.

मला केवढा आनंद झाला होता. घरवाला मुंबईत गोदीत. पैसे कधी पाठवी, कधी नाही. मी माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. मान दुखून दुखून रात्री कूस बदलता येत नसे. वाटलं, पाटी उतरली एकदाची. त्या नोकरीसाठी मी काहीही सोसलं असतं. सोसलंच. राखेने हात घासले, चिंचेने घासले, कोकमाच्या सालीने घासले. कातडी फाटली. मीठ लागलं की आग व्हायची. तरी वैनी म्हणायच्या, "येताच हो थोडासो."

पुढे पुढे मलाच माझ्या हातांना वास यायला लागला. नसला तरी.

एकदा तालुक्याहून रंगांच्या पुड्या आल्या. तांबडा, पिवळा, निळा. मुलांना रंग ओळखायला, मिसळायला शिकवा, असं सांगितलं होतं. वैनींनी वाटणी करून दिली. ओसरीवरच्या मुलांना तिन्ही रंग, चिनीमातीच्या बशांतून. खळ्यातल्या मुलांना करवंटीतून, आणि करवंटीत एकच.

मी भीत भीत विचारलं, "एकेकच?"

"पुरे झालो. नासाडीच करतली ती."

ओसरीवर रंग शिकवायला वैनी स्वतः बसल्या. त्यांनी मुलांना बजावलं, बशीतले रंग एकात एक करायचे नाहीत, खराब होतात. मुलं बिचारी कडेकडेने रेघा ओढत बसली. हा तांबडा. हा पिवळा. हा निळा. पाठ म्हणत होती.

खाली माझ्याजवळ ब्रशही नव्हते. मी पिवळ्या करवंटीवाल्या मुलाशेजारी निळ्या करवंटीवाली गंगू आणून बसवली. गंगू पाच वर्षांची, सगळ्यांत चुणचुणीत. तिला म्हटलं, "एक हात तुझ्या करवंटीत घाल, एक ह्याच्या."

"आणि मगे?"

"साबण लावतो तसे चोळ."

तिने चोळले. हात उघडून बघितले. श्वासच रोखला तिने. मग एवढ्याने ओरडली, "गो बाय! हिरवो झालो! हिरवो कोणी घातल्यान?"

"तूच केलास तो."

तिचा विश्वास बसेना. तिने निळी करवंटी उलटी करून बघितली, खाली हिरवा कुठे लपलाय का. मग सगळ्यांनीच सुरू केलं. तांबडा आणि पिवळा चोळून नारिंगी झाला. तांबडा आणि निळा चोळून जांभळाच्या रसासारखा झाला. एकाने तिन्ही एकत्र केले आणि चिखल झाला, तर तो रडायला लागला. गंगू त्याला म्हणाली, "रडतस कित्याक? तो होडयेचो रंग." मग तो गप्प झाला. आम्ही रद्दीच्या कागदावर हाताचे ठसे उमटवले. माझेही उमटवले. माझे हात किती दिवसांनी मी नीट बघितले.

ओसरीवरून वैनींची नात सुमन बघत होती. मुंबईहून आलेला पांढरा फ्रॉक घालून. वैनी आत चहा ठेवायला गेल्या तशी ती पायऱ्या उतरून खाली आली. तिचा हात पिवळा होता. गंगूचा निळा. दोघींनी हातात हात घालून चोळले, उघडून बघितले, आणि आनंदाने एकमेकींना मिठीच मारली.

सुमनच्या पाठीवर दोन हिरवे पंजे उमटले.

वैनी बाहेर आल्या. सुमनला दंडाला धरून ओढलं. गंगूच्या पाठीत एक ठेवून दिली. मग माझ्याकडे वळल्या.

"तुका ओसरीखाली उभी केली ती ही थेरा करूक? म्हावऱ्याचे हात माझ्या नातीच्या आंगाक लावतस? फ्रॉकाचे पैशे तुझ्या पगारातसून कापतलंय. आणि आता खळा सारव. शेणान."

मी मान खाली घातली. "होय वैनी," म्हटलं. शेण कालवलं आणि सारवलं. मुलं कुंपणाशी उभी राहून बघत होती. त्यांच्यासमोर, त्यांच्याच पायांखालची जमीन मी शेणाने पुसत होते. तेव्हाही मला राग आला नाही. दमले होते, एवढंच आठवतं. नोकरी राहिली हेच मोठं वाटलं.

राग आला तो दुसऱ्या दिवशी.

सकाळी मुलांना न्यायला वाड्यावर गेले. वाळूत, उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत, ती खेळत होती. गंगू एका दगडावर उभी होती. नाकाशी फाटक्या परकराचं टोक. समोर लहान मुलांची रांग, हात पुढे केलेले, तळवे वर. गंगू वाकून एकेकाचा हात हुंगत होती.

"तुझो वास येता. तू जा. तुझो येना नाय, तू बस."

तिचा धाकटा भाऊ शेवटी उभा होता, दोन-अडीच वर्षांचा. त्याला तिने हुंगलं आणि म्हणाली, "तू तर कुसलोच." कुजलेला म्हटलं तरी तो रडला नाही. आपला हात आपल्या नाकाला लावून, खरंच का ते बघत राहिला.

हे मी शिकवलं होतं. रंग एक दिवस शिकवले, हे रोज शिकवलं होतं. रोज रांगेत पहिली मीच उभी राहायची. मी हात पुढे केला म्हणून त्यांनी केला.

मुलांना घेऊन वर गेले. खळ्यात उभी राहिले. वैनी पायरीवर आल्या.

"हात पुढे कर."

माझे हात लुगड्याच्या निरीत होते. तिथेच राहू दिले. चारचौघांत मला बोलता येत नाही, आजही येत नाही.

"नाय," मी म्हटलं.

"काय?"

"नाय करूचंय. ही पोरांय करूची नाय."

"मगे वाट धर. बगतंय कोण तुका कामाक ठेवता तो. आणि फ्रॉकाचे पैशे ठेवल्याशिवाय जातस खंय?"

"दितलंय. सगळे दितलंय."

मी मुलांना घेऊन खाली उतरले.

पाटी परत डोक्यावर आली. त्यात मोठेपणा काही नव्हता. मान पुन्हा दुखायला लागली. बाजारातून आले की दुपारी जाळी ठेवायच्या खोपीत मुलांना जमवायची. हळद, नीळ आणि भिंतीला लावायची काव, एवढेच रंग. सगळी यायची नाहीत. गंगूची आई तर तोंडावर म्हणाली, "रंगान पोट भरता काय गो तुझा? होती ती नोकरी घालवलंस आणि आता आमची पोरां नासवतस." तिचंही खरंच होतं. कधी कधी बसल्या जागी मला डोळा लागायचा आणि मुलंच मला उठवायची. पण हात कुणी हुंगायचा नाही, एवढं मी धरून ठेवलं. गंगूचा तो खेळ सुटायला पुष्कळ दिवस गेले.

फ्रॉकचे पैसे थोडे थोडे देत राहिले. दर वेळी वैनी म्हणायच्या, "थंयच पायरीर ठेव." मी ठेवायची. मग त्या तांब्यातलं पाणी नाण्यांवर शिंपडायच्या आणि उचलायच्या. मी मागे न बघता जायची.

शेवटचे पैसे द्यायचे होते त्या दिवशी बाजारातून थेट वर गेले. पाटी कडेला ठेवली. हातांना बांगड्याचे खवले चिकटलेले होते. विहीर वाटेत होती. हात धुतले नाहीत.

"पायरीर ठेव," वैनी म्हणाल्या.

"नाय. हातात घेवा."

"येडी झालंस काय गो?"

"हातात घेवा, वैनी. नाय तर मी हयच उभी रवतंय."

ओसरीवर आळीतल्या दोघी बायका बसल्या होत्या. त्या वळून बघायला लागल्या. मी उभी राहिले. ऊन चढलं होतं. पाय दुखत होते, पण रापण ओढणाऱ्या घरची मी, उभं राहायची मला सवय आहे. शेवटी वैनींनी हात पुढे केला. तळवा वर.

मी नाणी एकेक करून त्या तळव्यावर ठेवली.

"मोजून घेवा. झाले मा सगळे?"

"झाले," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"मगे ऐका. आता माझा तुमका काय देणा नाय. आणि आमच्या एकाही पोराचो हात ह्या ओसरीर पुढे येवचो नाय. मी जिती आसय तोवर नाय."

मी पाटी उचलली. फ्रॉकचे पैसे पुरते फिटले होते.