बायकोचं रिवॉल्व्हर

सावली गावात आमच्या घरासमोर धानाची गिरणी चालवणारे एक भाऊ राहतात. बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायची त्यांना सवय आहे. तिला चहा हवा की नको, हेही तेच सांगतात.

ती दिवसभर घरी एकटी असते, म्हणून त्यांनी तिच्या नावाने रिवॉल्व्हरचा परवाना काढला. ते निवडायला वहिनींसोबत मलाही चंद्रपूरला नेलं. दुकानदाराने रिवॉल्व्हर वहिनींपुढे ठेवलं. भाऊंनीच ते उचललं आणि विळ्याची मूठ पाहावी तसं दाबून पाहिलं.

"जड हाये. इले झेपनार नाई."

अंगणातलं धानाचं पोतं वहिनी एकटीने आत नेतात. शेवटी भाऊंनी सगळ्यात लहान, चकचकीत असं एक पसंत केलं.

घरी येताच त्यांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या करदोड्याला बांधली.

"कोनी घरात घुसलं तं घाबरू नोको," ते वहिनींना म्हणाले. "मले गिरणीवर फोन कर. मी किल्ली घेऊन येतो."

त्या दिवसात वहिनी पहिल्यांदाच बोलल्या. "आन् तवरीक तो थांबन का?"

चोराच्या वतीनेही भाऊंनीच उत्तर दिलं.

"थांबन ना."