रॅपरचा खोडवा

स्वतःच्या उतरत्या काळावर माझ्या मेव्हण्याइतकं उत्साहाने बोलणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो, कारण उतरत्या काळावर बोलणाऱ्यांचं पुण्यात दुर्भिक्ष नाही. आमच्या शनिवार पेठेत तर तो पूर्णवेळ उद्योग आहे. पण बाकीचे लोक उसासे टाकत बोलतात, मेव्हणा मात्र क्रिकेटच्या सामन्याचं वर्णन करावं तसा रंगून बोलतो. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ राहतो धायरीला, मला दाजी म्हणतो आणि व्यवसायाने रॅपर आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ही माहिती ऐकून माझ्या वडिलांनी शांतपणे विचारलं होतं, "छान. आणि पोटासाठी काय करतात?" तो हसून म्हणाला, "सध्या जेवतो." आमच्या पेठेत येऊन पेठेतल्या माणसाला गप्प करणारा पोरगा मला तेव्हाच आवडला, पण तसं बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्याचा आजोळचा मामा लोणी काळभोरला ऊस लावतो. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्या उसात गेल्याने जगातल्या प्रत्येक रॅपरकडे मेव्हणा उसाच्याच नजरेने बघतो. त्याचा सिद्धांत असा. पहिली गाणी म्हणजे नवी लागण. जमीन नांगरलेली, बेणं ताजं, जीव ओतलेला. ती तोडली की त्याच बुडख्यांतून आपोआप फुटून येतो तो खोडवा. कष्ट कमी, उतारा कमी. त्याच्यानंतर निडवा, तो नुसता दिसायला ऊस. "दाजी, पहिल्या गाण्यात आईला भाकरी मिळत नाही, दुसऱ्यात स्वतःला झोप मिळत नाही, तिसऱ्यात गाडीला पार्किंग मिळत नाही. संपला रॅपर," असं तो बोटांवर मोजत सांगतो. मी एकदा म्हटलं, अरे, पण दुसऱ्या गाण्यालाच तर लोक जास्त गर्दी करतात. त्यावर तो म्हणाला, "त्या टाळ्या पहिल्याच्या असतात. टाळ्या नेहमी उशिरा पोचतात. आणि गाणाऱ्याला वाटतं, या नव्या गाण्याच्याच. तिथंच माती होते." हे तत्त्वज्ञान तो रॅपरांपुरतं ठेवील तर शपथ. हॉटेलं, मालिका, नगरसेवक, सगळे त्याच्या लेखी लागण, खोडवा किंवा निडवा असतात. माझ्या बँकेतल्या नोकरीबद्दल मी त्याला कधीच विचारलेलं नाही. उगाच कशाला.

त्याची गाणी रचायची तऱ्हा ऐकाल तर म्हणाल, हा अजून जिवंत कसा. याला घरात बसून एक ओळ सुचत नाही. जुन्या स्कूटरवर बसायचं, इंडिकेटर लावायचा आणि त्याच्या टिकटिकीवर शब्द बसवत सिंहगड रस्त्याने जायचं. इंडिकेटर डावा, मेव्हणा सरळ. मागच्याने काय समजायचं? एकदा एक वयस्कर गृहस्थ त्याला गाठून म्हणाले, "अहो, वळायचं असेल तर वळा, नसेल तर घरी बसा. लोकांच्या आयुष्याला का टांगून ठेवता?" मेव्हण्याने हेल्मेट काढलं, हात जोडले आणि म्हणाला, "काका, ओळ जबरदस्त आहे. वापरू का?" ते गृहस्थ म्हणे पुढच्या चौकापर्यंत वळून वळून बघत होते. ओळ त्याने वापरली. रचलेलं गाणं मग पास व्हायचं ते आईपुढे. आमच्या सासूबाई मेथी निवडत बसायच्या आणि हा समोर उभा राहून म्हणायचा. त्यांचा मेथीवरचा हात थांबला तर गाणं पास. हात चालूच राहिला तर मेव्हणा निमूट चपला घालून पुन्हा स्कूटरवर.

त्याच्या पहिल्या गाण्याला सासूबाईंचा हात थांबला होता. गाणं होतं पाण्याच्या टँकरवर. रांगेतली भांडणं, हंड्यांचे नंबर, टँकर आला की परीक्षेचा पेपर टाकून धावणारी पोरं, सगळं त्याने जगलेलं. ते गाणं असं काही चाललं की विचारू नका. वरातीत टँकर, जिममध्ये टँकर, गणपतीत टँकर. आमच्या पेठेत दुपारी एका पोराने ते मोठ्याने लावलं आणि समोरच्या बाईंनी खिडकीतून ओरडून ते बंद करायला लावलं, पण संध्याकाळी जिना उतरताना त्या स्वतःच गुणगुणत होत्या. आणि मग आला खोडवा. दुसऱ्या गाण्यात टँकर पुन्हा आला. तिसऱ्यात टँकर गेला आणि बंदूक आली. दिवाळीत सुतळी बॉम्ब लावला की संडासात जाऊन बसणारा हा माणूस, आणि गाण्यात दर दोन ओळींना गोळ्या घालतोय. सासूबाईंना आता गाणं आधी ऐकवणं बंद झालं होतं. त्यांनी ते मोबाइलवर ऐकलं आणि मेथी निवडता निवडता एवढंच विचारलं, "कुनाला मारनार हायस रं? आन् कशापायी?"

या काळात त्याने गळ्यात जाड साखळी घातली, गाडी घेतली आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, तो आरतीलाही उतरेना. एका लग्नात त्या चष्म्यापायी त्याने मुलीच्या आजोबांच्या ऐवजी केटररच्या माणसाच्या पायांना हात लावला. त्या बिचाऱ्याने हातातली जिलबी कडेला ठेवून तोंड भरून आशीर्वाद दिला. मेव्हण्याचं म्हणणं असं की त्या वर्षात त्याला मिळालेली तेवढी एकच खरी गोष्ट. बाकी सगळं उतरणीला लागलं होतं. नवी पोरं आली, त्यांची लागण जोरात होती. याला बोलावणी यायची ती वाढदिवसाची आणि दुकानांच्या उद्घाटनाची. शेवटी एका मोठ्या सोसायटीने त्याला जलतरण तलावाच्या उद्घाटनाला बोलावलं आणि फर्माईश केली टँकरची. निळंशार पाणी समोर, कडेला सरबताचे पेले घेतलेली माणसं, आणि हा गातोय की हंडाभर पाण्यासाठी आई भांडली. लोक ठेका धरून पाण्यात पाय हलवत होते. तिथून तो थेट आमच्याकडे आला, साखळी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दाजी, निडवा पण संपला. आता मुळं उपटायची." त्याचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा खोटं वाटलं. माझ्या तोंडातून आलं ते, "चहा घेणार का?"

पुढे दोन-तीन वर्षं त्याने काही रचलं नाही. गाडी विकली. चुलतमामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायला लागला आणि लोकांना नळाच्या तोट्या दाखवू लागला. सासरे तसे अबोल. पोराच्या गाण्यांवर त्यांनी कधी बरा-वाईट शब्द काढला नव्हता. टँकर गावभर वाजत होता तेव्हाही ते "बरं" म्हणून पान लावत बसले होते. एक दिवस त्यांनी निकाल दिला. "यक शेवटचा कार्यक्रम करायचा तर कर. जमलं तर जमलं. न्हाय तर दुकानात कायमचा बस, आन् ह्ये खूळ डोक्यातनं काढ." चौतिशीच्या माणसाला बापाने असं सांगावं, आणि त्याने मान डोलवावी. मला ते बघवलं नाही. मेव्हण्याने फक्त स्कूटर दुरुस्त करून आणली.

त्याने जे गाणं रचलं त्याचा विषय ऐकून बायकोने कपाळाला हात लावला. सासरे आणि त्यांचे धाकटे बंधू, दोघांची जमीन शेजारी शेजारी होती आणि मधल्या बांधावरून दोघांचं जन्माचं वैर. मग दोघांनी जमीन एकाच बिल्डरला दिली, एकाच इमारतीत फ्लॅट घेतले, बांध पार्किंगच्या फरशीखाली गेला. संपलं असेल म्हणता? कुठलं. तो बांध नेमका कुठून जात होता हे दोघांनाही पाठ आहे, आणि आजही एकाच्या गाडीचं चाक त्या रेषेच्या पलीकडे गेलं की दुसरा खाली उतरून येतो. वॉचमन बदलला की आधी त्याला बांध समजावून सांगावा लागतो. सगळी धायरी यावर हसते, पण घरात कुणी तोंडातून काढत नाही. मेव्हण्याने ते काढलं. सासूबाईंपुढे म्हणून दाखवलं तेव्हा त्यांचा हात थांबला, आणि पुष्कळ वेळ तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "खरं हाय. पर ह्यांच्यासमोर म्हनशील का?"

कार्यक्रम एका मोकळ्या मैदानावर होता. मोठ्या नावांच्या आधी, ऊन खुर्च्यांवरून उठलेलं नाही अशा वेळेला याला उभं केलेलं. कॉलेजची पोरं सेल्फी काढण्यात गुंग. आम्ही घरची मंडळी कडेला बसलो होतो, सासरे टोपी नीट करून ताठ. मेव्हणा आला तो साध्या शर्टात. कुणीतरी ओळखलं आणि "टँकर, टँकर" सुरू झालं. तो म्हणाला, "टँकर येऊन गेला मित्रांनो. आज दुसरं आणलंय." थोडी हुर्यो झाली. आणि त्याने सुरुवात केली.

शेत गेलं, बैल गेले, गेली विहीर, मोट,
बांध नाही, तरी दाखवती एकमेकां बोट.

पहिल्या कडव्याला पोरं हसली. वॉचमनच्या कडव्याला तर लोळली. मग ती ओळ आली, बाप माझा दर पावसाळी बांध वीतभर सरकवी, आणि मी सासऱ्यांकडे बघायची हिंमत केली नाही. शेवटच्या कडव्यात दोन म्हातारे पार्किंगमध्ये समोरासमोर उभे आहेत, भांडायला शेतच उरलेलं नाही, आणि भांडण संपलं तर भावाशी बोलायला दुसरं काय उरेल याची दोघांनाही भीती वाटते. फोन खाली गेले. गाणं संपलं तरी कुणी टाळी वाजवेना, आणि मेव्हण्याचा चेहरा पडू लागलेला मला दिसला. तेव्हा मला काय झालं कोण जाणे. आमच्या घराण्यात संगीत नाटकांचं वेड, पद रंगलं की काय करायचं ते रक्तातच आहे. मी खुर्चीवरून उठलो आणि सगळा जोर लावून ओरडलो, "वन्स मोअर!"

सगळं मैदान वळून माझ्याकडे बघायला लागलं. पुढच्या रांगेतल्या निळ्या केसांच्या मुलीने विचारलं, "काका, म्हणजे परत म्हणायला सांगायचं ना?" मी म्हटलं, हो, आणि तो म्हणेपर्यंत सोडायचं नाही. तिने तोंडाला हात लावून जी आरोळी ठोकली ती मागे मागे पसरत गेली, आणि ज्यांनी जन्मात नाट्यपद ऐकलं नसेल अशी हजारो पोरं एका रॅपरसाठी "वन्स मोअर" म्हणून पाय आपटायला लागली. मेव्हण्याने गाणं पुन्हा म्हटलं. तेही संपलं तर पुन्हा तेच. आयोजक घड्याळ दाखवत होते, त्यांना कुणी विचारलं नाही. माझा घसा बसला, बायको रडत होती, सासूबाई शेजारच्या अनोळखी पोराला "माझा हाय, माझा" म्हणून सांगत होत्या. इतका आनंद मला माझ्या बढतीलाही झाला नव्हता, आणि मी तो लपवलाही नाही.

तरीही टँकर ऐकणारे आजही जास्त आहेत, बांध ऐकणारे थोडे. मेव्हण्याला त्याचं काही वाटत नाही. टाळ्या चालत येताहेत, पोचतील, म्हणतो. मलाच कधी कधी वाटतं की त्या वेळेत पोचाव्यात. त्या संध्याकाळी कार्यक्रम आटोपून आम्ही धायरीला परतलो तेव्हा सासरे वाटभर टोपी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते. पार्किंगमध्ये गाडीतून उतरून ते फरशीकडे बघत उभे राहिले. मेव्हणा त्यांच्यासमोर, हात कुठे ठेवावेत हे न कळून. मग सासऱ्यांनी घसा साफ केला.

"बांध म्या न्हाय सरकवला. त्यो सरकवायचा," ते म्हणाले. "फुडल्या टायमाला ते नीट म्हन."

आणि ते जिन्याकडे चालायला लागले.