आठ आणि आठ

२४ मे २०२०, रविवार, डंडॉक, आयर्लंड. रक्कम वीस युरो, कागद आणि टपालासाठी. हजर: मी, माझी बायको आणि अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे शेजारच्या बाई. त्यांनी नोट एका वहीत घातली, वही भिंतीवर ठेवली आणि दोन मीटर मागे सरकल्या.

वही त्यांच्या यजमानांची. ते एप्रिलमध्ये गेले. मोंबासाला शाळामास्तर होते, वर्तमानपत्रात स्वाहिलीतून निबंध लिहीत. इकडे आल्यावर फक्त कविता. शेवटची दीर्घ कविता या एकाच वहीत होती. मी ती स्कॅन करून, कागदावर काढून टपालाने त्यांच्या पुतण्याला पाठवायची, तो छापणार होता.

त्या दिवसांत घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मी सॅनिटायझर मारत असे. वहीवरही मारला. तिला मागचा पुठ्ठाच नव्हता, हे पाहिलं नाही. शेवटच्या पानावर चार ओळींचे शेवट पुसले गेले.

नऊ दिवस मी गप्प राहिलो. कपडे वाळत घालायलाही बाहेर जाईना. बाई हाक मारून विचारत, मी खिडकीतूनच "चालू आहे" म्हणे. झोप उडाली होती. शेवटी बायको म्हणाली, "तू सांगतोस, की मी जाऊ?"

सांगितलं. बाईंनी वही उघडून शेवटचं पान पाहिलं. मग म्हणाल्या, "रोज नाश्त्याला ऐकलीय. मी म्हणून दाखवते, तुम्ही अक्षरं मोजा."

ओळीचे दोन भाग, प्रत्येकात आठ अक्षरं, हे त्यांच्या यजमानांनीच मला शिकवलं होतं. आमच्या अभंगातही अक्षरं मोजतात म्हटल्यावर खूश झाले होते. बाई गात होत्या, मी पेरांवर मोजत होतो. तीन ओळी बरोबर आल्या. चौथीच्या दुसऱ्या भागात सातच. पुन्हा सात. मी शब्दकोशातून एक शब्द सुचवला.

"मोजणीत बसतो," त्या म्हणाल्या, "पण हा त्यांचा नाही. जागा रिकामी ठेवा."

पुढच्या वर्षी कविता तशीच छापली गेली. पुस्तक दाखवताना बाई म्हणाल्या, यजमानांच्या कवींच्या बैठकीत ओळ बिघडवणाऱ्याने सगळ्यांना कॉफी पाजायची असे. ते असते तर तुम्हाला सोडलं नसतं.

त्याच दुपारी चुकते केले: वीस युरो, बाईंना परत. आलं घातलेली काळी कॉफी, दोन कप. एक बाईंना. दुसरा त्यांनी यजमानांच्या खुर्चीपुढे ठेवायला सांगितला, तिथे ठेवला.