थंड पायाने मारलेली उडी

"सर, साहेब लिफ्टपाशी पोचले. वॉर्म-अप राहू द्या, डायरेक्ट किक दाखवू या."

एचआरच्या मृणाल मॅडम धावत येऊन हे म्हणाल्या, तेव्हा मी एसीखाली खुर्चीवर बसलो होतो. लोअर परळचं एक ऑफिस, सातवा मजला, कॅन्टीन. टेबलं भिंतीला सरकवलेली, मधे निळ्या मॅट अंथरलेल्या. मॅटवर त्या कंपनीतल्या अकरा जणी. कोणी अकाउंट्समधली, कोणी रिसेप्शनवरची, दोघी हाउसकीपिंगच्या. आठवड्यातून दोनदा मी त्यांना कराटे शिकवायचो. कराटे म्हणजे स्वसंरक्षणापुरतं. पण शिकवायचो मनापासून.

दिल्लीहून मोठे साहेब यायचे होते. हा वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही, ते बघूनच ठरवणार होते. त्यांना पाच वाजता बोलावलं होतं, म्हणून पावणेपाचला बायकांनी वॉर्म-अप केला. मी खुर्चीवरून आकडे मोजले. साहेब आले नाहीत. बायका बसल्या, गप्पा मारू लागल्या. तास गेला. आणि आता हा निरोप.

वॉर्म-अप म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बरेच लोक त्याला नुसतं हातपाय झटकणं समजतात. आधी जागच्या जागी हलकं धावायचं, श्वास थोडा वाढेपर्यंत. मग घोट्यापासून मानेपर्यंत एकेक सांधा फिरवायचा. मग त्या दिवशी जे करायचं असेल तेच निम्म्या जोराने करून बघायचं. खूप वेळ ताण देऊन धरायचे व्यायाम शेवटी, अंग तापल्यावर. आणि एक गोष्ट विसरायची नाही. तापलेलं अंग बसून राहिलं की पुन्हा निवतं. चपातीसारखंच. हे मी तीस वर्षं शिकवलं आहे.

बायकांना मी म्हटलं, "दोन मिनिटं जागच्या जागी धावा. साहेब आले तरी थांबू नका." त्या धावू लागल्या. मी खुर्चीवरून उठलो, बूट काढले आणि सरळ मॅटवर जाऊन उभा राहिलो. वय सत्तावन्न.

पहिल्या रांगेत वैशाली परब होत्या. अकाउंट्समध्ये काम करायच्या, राहायला लालबागला, वय सेहेचाळीस. वर्गात सगळ्यांत सावकाश शिकणाऱ्या त्याच. पण वॉर्म-अप करावा तर त्यांनी. एक घोटा दहा वेळा फिरवायचा तर दहा म्हणजे दहा. बाकीच्या त्यांची थट्टा करायच्या. धावता धावता त्या मला म्हणाल्या, "सर, तुमचा वॉर्म-अप?"

"परब मॅडम, माझं अंग तीस वर्षं गरमच आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसलो.

साहेब आत आले. सोबत चार जण, त्यातल्या एकाच्या हातात व्हिडिओसाठी मोबाईल. मी वर्गातल्या सुनीताला किक-पॅड उंच धरायला सांगितलं. किक-पॅड म्हणजे लाथ झेलायची जाड गादी. बायकांनी साधी लाथ दाखवायची, एवढंच ठरलं होतं. सुरुवातीला मी एक उडी मारून दाखवायची, असं ठरलंच नव्हतं. ते मला त्या क्षणी सुचलं. साहेब आलेत, काहीतरी झोकात होऊ दे, एवढंच डोक्यात.

दोन पावलं धावलो आणि डाव्या पायावर जोर देऊन उडालो.

म्हणजे उडणार होतो. टाचेच्या मागे कोणीतरी सणसणीत लाथ घातली. फट्ट असा आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला. मी मॅटवर पालथा पडलो. पडता पडता मागे वळून ओरडलो, "कोण आहे रे?"

मागे फक्त भिंत होती.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पडणं हा डेमोचाच भाग आहे.

उठायला गेलो. उजवा पाय टेकला, डावा टेकला, पण डाव्या पायाने जमीन रेटता येईना. दुखत होतं, पण वाटावं तितकं नाही. मी म्हटलं, "मुरगळलाय थोडा. कोणीतरी स्प्रे आणा. जरा चोळला की होईल."

आमच्या क्षेत्रात हेच चालतं. स्प्रे, तेल, चोळणं, वर क्रेप बँडेज. मी स्वतः कित्येकांचे पाय असे चोळून दिलेत. मोबाईलवाल्या गृहस्थांनी खाली बसून माझी पोटरी धरलीसुद्धा.

"हात लावू नका!"

हा आवाज परब मॅडमचा होता. वर्गात "हो सर" याच्या पलीकडे न बोलणाऱ्या बाईचा. त्या गृहस्थांनी हात मागे घेतला. त्या माझ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या.

"सर, पुन्हा पालथे व्हा. पाय मॅटच्या बाहेर येऊ दे."

"अहो मॅडम, मुरगळलाय नुसता."

"बघू दे ना मला."

त्यांनी उजवी पोटरी दाबली. उजवं पाऊल आपोआप थोडं हललं. मग डावी पोटरी दाबली. डावं पाऊल तसंच. मेल्यासारखं. मग टाचेच्या वर दोन बोटं हलकेच फिरवली आणि म्हणाल्या, "इथे खड्डा लागतोय. सर, नस तुटलीय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दादाचं असंच झालं होतं."

त्यांचा मोठा भाऊ कबड्डी खेळायचा. जिल्ह्याच्या संघापर्यंत गेला होता. एका सामन्यात टाचेच्या मागे फट्ट झालं. मंडळातल्या लोकांनी चोळलं, कोणी हाडवैद्याकडे नेलं, लेप लावले. दोन महिने गेले. मग हॉस्पिटलात गेले, तर डॉक्टर म्हणाले, एवढ्या उशिराने काम कठीण आहे. ऑपरेशन झालं, पण पायातला जोर परत आला नाही. कबड्डी सुटली. तेव्हा परब मॅडम कॉलेजात होत्या. दादाला घेऊन ओपीडीच्या सगळ्या खेपा त्यांनीच घातल्या होत्या. डॉक्टर पोटरी कशी दाबून बघतात, ते तिथे पाहिलेलं.

त्यांनी लगेच भावाला फोन लावला. "दादा, तुझ्या पायाक झालला ना, तसांच आमच्या सरांच्या पायाक झालाहा. खंय जावचा?"

पलीकडून भाऊ काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवून त्या उठल्या आणि मृणाल मॅडमना म्हणाल्या, "टॅक्सी बोलवा. परळच्या हॉस्पिटलात जायचं. आत्ताच. घरी नाही."

मी म्हटलं, "सकाळी जातो."

"नाही सर." बस्स, एवढंच.

दोघींनी खांद्याचा आधार दिला, सुनीताने माझे बूट घेतले. परब मॅडम हॉस्पिटलात माझी बायको कुंदा येईपर्यंत थांबल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनीही पोटरी दाबली, टाचेच्या वर बोट फिरवलं. म्हणाले, "अकिलीस टेंडन. टाच आणि पोटरी जोडणारी जाड दोरी समजा. पूर्ण तुटलीय. चोळलं वगैरे नाही ना?"

"चोळू दिलं नाही," मी म्हटलं.

"वॉर्म-अप केला होता?"

"विद्यार्थिनींनी केला होता."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. कुंदानेही पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "पन्नाशीनंतर ही दोरी झिजलेली असतेच. अंग गरम असतं तर तुटली नसती, असं मी लिहून देणार नाही. पण तासभर एसीत बसून थेट उडी मारलीत, म्हणजे तिला तुटायला मदत केलीत. वेळेवर आलात मात्र."

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. मग प्लास्टर, आणि डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही.

तिसऱ्या दिवशी मृणाल मॅडम भेटायला आल्या. शहाळं घेऊन. डोळे भरलेले. "सर, मीच म्हटलं ना, वॉर्म-अप राहू द्या."

"तुम्ही त्यांचा म्हणालात. त्यांना मी धावायला लावलं. माझा राहिला तो माझ्यामुळे."

मग त्या खरं काम बोलल्या. साहेबांचं म्हणणं होतं, वर्ग बंद करावा. शिक्षकालाच इजा होते, उद्या स्टाफला झाली तर जबाबदारी कोणाची? माणूस चुकीचं बोलत नव्हता. त्या दुपारी मात्र मी खचलो. पाय बरा होईल न होईल, पण तीस वर्षांत माझ्या चुकीने बंद पडलेला वर्ग हा पहिलाच असता.

चार दिवसांनी परब मॅडमचा फोन आला. "सर, पुढच्या आठवड्यात येणार का? फक्त बसायचं."

"वर्ग बंद झाला ना?"

"नाही झाला."

अकरा जणींनी मिळून साहेबांना मेल लिहिला होता. मेल मला मृणाल मॅडमनी नंतर दाखवला. त्यात माझी तारीफ अजिबात नव्हती. लिहिलं होतं, की चार महिन्यांत आमच्यापैकी एकीलाही दुखापत झालेली नाही, कारण सर आमच्याकडून वॉर्म-अप नीट करून घेतात. सरांनी स्वतः केला नाही, त्याचं फळ सरांना मिळालं. वर्ग चालू राहावा. सरांनी खुर्चीवरून शिकवावं, करून आम्ही दाखवू.

मृणाल मॅडमनी तो मेल पुढे रेटला. तीन महिन्यांची मुदत मिळाली.

प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून मी त्याच कॅन्टीनमध्ये बसलो. खुर्ची तीच, फक्त या वेळी उठायची सोय नव्हती. वॉर्म-अप परब मॅडमनी घ्यायचा ठरला. त्या समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता माझ्यासारखे आकडे मोजतील. त्यांनी आधी विचारलं, "आज कोणाचं काय दुखतंय?"

एकीने सांगितलं, कंबर. एकीचा गुडघा. हाउसकीपिंगच्या एकीने हात वर केला. सकाळपासून दोन मजले पुसलेत, खांदा उचलत नाही. परब मॅडम म्हणाल्या, "तू हात कमरेपर्यंतच फिरव. वर नको नेऊस." मग त्या स्वतः धावू लागल्या, बाकीच्या त्यांच्या मागे.

तीस वर्षांत मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. माझ्या वर्गात कोणी दुखतंय म्हटलं, तर मी म्हणायचो, "हलवा, जाईल." ती खांदा दुखणारी बाई दर वेळी मुकाट्याने हात वर नेत असणार.

दुसरंही एक दिसलं. उभा असताना मी समोरच्याची लाथ बघायचो. बसल्यावर डोळे पायांच्या उंचीला आले. अकरातल्या सात जणी लाथ मारून पाय खाली आणताना गुडघा ताठ ठेवत होत्या. हे वर्षानुवर्षं केलं, तर गुडघा जातो. तीन आठवडे आम्ही फक्त पाय खाली ठेवायला शिकलो. मृणाल मॅडम म्हणाल्या, "सर, व्हिडिओत हे काही दिसणार नाही." मी म्हटलं, "नकोच दिसू दे."

प्लास्टर निघालं तेव्हा डावी पोटरी मनगटाएवढी वाटली. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, एका पायावर उभं राहून टाच उचला. टाच उचलत नव्हती. डोकं हुकूम देत होतं, पाय ऐकत नव्हता. मी घरी रोज भिंतीला हात लावून उभा राहायचो. कुंदा भाजी चिरता चिरता बघायची. एक दिवस म्हणाली, "उचलली." मला वाटलं, मन राखायला म्हणतेय. ती म्हणाली, "अहो, कागद गेला असता खालून." खरंच उचलली होती.

मधे एकदा परब मॅडमचे दादा घरी आले. लंगडत जिना चढून. माझ्या पायावरची खूण बघितली, स्वतःची दाखवली. मी म्हटलं, "तुमच्यामुळे वाचलो." ते म्हणाले, "माझा पाय कोणाच्या तरी उपयोगाला आला." चहा घेऊन गेले. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

तीन महिन्यांची मुदत संपली, तेव्हा कोणी विषयही काढला नाही. वर्ग चालू राहिला. दहा महिन्यांनी डॉक्टरांनी मला मॅटवर उभं राहायची परवानगी दिली. उडी सोडून. मी शेवटच्या रांगेत उभा राहिलो. परब मॅडमनी विचारलं, "आज कोणाचं काय दुखतंय?"

मी हात वर केला. "डावी टाच."

"मग सर, दोन मिनिटं जास्त."

त्या वर्षी त्यांना पिवळा पट्टा मिळाला. परीक्षा घ्यायला मी बाहेरचे परीक्षक बोलावले होते. पट्टा बांधताना गाठ मात्र मी बांधली. म्हटलं, "मॅडम, घट्ट झाली का?" त्या म्हणाल्या, "ठीक आहे सर."

अजूनही तिथला वॉर्म-अप त्याच घेतात, आणि मी तो करतो. परवा दादरला नव्याने शिकवू लागलेल्या एका प्रशिक्षिकेने मला विचारलं, "सर, बॅचचा वॉर्म-अप किती वेळ घ्यायचा?"

म्हटलं, "दहा-बारा मिनिटं. पण त्यांच्यासोबत तूही कर. नुसते आकडे मोजून फक्त घसा तापतो."