पाहुण्यांच्या शुभहस्ते फॉरवर्ड पास

आमच्याकडं फीत, नारळ, सत्कार सगळं पाहुण्यांच्या हस्तेच होतं. मुरुमच्या मैदानावर रग्बीचा निकालही पाहुण्यांच्या हस्ते लागला. हे मी याच डोळ्यांनी पाहिलं.

मी सास्तूरकडच्या मुलींना रग्बी शिकवते. त्या दिवशी जिल्ह्याची फायनल होती आणि जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. आमच्या कॅप्टनचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. आयोजकांना मात्र खेळापेक्षा मोठ्या स्क्रीनचं कौतुक. स्क्रीनला हार घातलेला, पुढं नारळ फोडलेला. ‘जिल्ह्यात प्रथमच व्हिडिओ पाहून निर्णय’ हे माइकवरून ऐकून ऐकून कान किटले. शूटिंगवाला लग्नसराईतला होता.

सामना संपता संपता कॅप्टननं पळता पळता मागं पास दिला आणि दुसरीनं शेवटच्या रेघेपलीकडं जाऊन चेंडू जमिनीला टेकवला, म्हणजे ट्राय केला. पंचांनी शिट्टी मारून ट्राय दिला. आम्ही जिंकलो होतो. तेवढ्यात आयोजकांना स्क्रीनची आठवण झाली.

रग्बीत चेंडू हातानं पुढं फेकायचा नसतो, तो फॉरवर्ड पास ठरतो. पण पळणारीनं मागं फेकलेला चेंडूसुद्धा जमिनीवर थोडा पुढंच जाऊन पडतो. पळत्या ट्रॉलीतून उसाचं कांडं मागं टाकून बघा, तेही तसंच पडेल. म्हणून बघायचे असतात ते हात, ते मागं फेकतायत की पुढं. आमच्या शूटिंगवाल्यानं नवरीच्या नथीवर नेतात तसा कॅमेरा नुसत्या चेंडूवर नेला होता. स्क्रीनवर दिसली ती मैदानावरची चुन्याच्या फक्कीची रेघ आणि तिच्या पुढं जाणारा चेंडू. हात कुठंच नव्हते.

माइक पाहुण्यांपुढं गेला, कारण स्क्रीन त्यांनी दिलेला. या गृहस्थांनी सकाळीच रग्बीचा लांबट चेंडू हातात घेऊन, “हा दबलाय का?” असं विचारलं होतं.

“चेंडू तर पुढंच गेला की,” ते म्हणाले. मांडवात टाळ्या पडल्या आणि पंचांनी ट्राय रद्द केला.

मी पंचांना गाठलं. “तुम्ही तिचे हात बघितले होते ना?”

“बघितले की, मॅडम. पण पाव्हण्यांचा शब्द कसा मोडावा?”

नियम तोंडपाठ असलेला माणूस हा. मला त्याची शिसारी आली.

बक्षीस वाटपात पाहुण्यांनी कॅप्टनला उपविजेत्यांचा कप दिला. “पुढच्या वर्षी जिंका, बाळ.”

“मला पुढचं वर्ष न्हाय,” ती म्हणाली. पाहुण्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडं होतं.

शूटिंगवाला ओरडला, “साहेब, परत एकदा द्या. तुमचा चेहरा नीट आला न्हाय.”

साहेबांनी कप तिच्या हातातून काढून घेतला, टोपी सारखी केली आणि हसून परत दिला. या वेळी तिचे दोन्ही हात स्क्रीनवर स्वच्छ दिसत होते.