नागू पाथरवटाचे चंद्रसूर्य

नागू पाथरवट आमच्या घरी पाट्याला टाकी लावायला पहिल्यांदा आला, तेव्हा हत्यार बाहेर काढण्याआधी त्याने पाटा उलटा केला. मागची बाजू ओल्या फडक्याने पुसून माझ्यापुढे धरली. एका कोपऱ्यात रुपयाएवढा सूर्य आणि नखाएवढी चंद्रकोर कोरलेली होती. आईने तो पाटा कर्जतच्या बाजारात घेतला होता. खालच्या अंगाला काही आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

"ही माझी जबान," तो म्हणाला. "चंद्रसूर्य हाइत तवर ह्या पाट्याची कच चटणीत उतरायची नाय. उतरली तर भिसेगावात यायचं आनि मला शिव्या द्यायच्या."

माझे वडील कर्जत स्टेशनात तारमास्तर होते. मी पुण्याच्या मिशनच्या शाळेत राहून सगळे इंग्रजीतून शिकले आणि सोळाव्या वर्षी घरी आले. परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. नागूची त्याला हरकत नव्हती. तो बहुतेक दगडांशीच बोलायचा, आणि मी जवळ बसले तर मलाही दगडातच धरायचा. टाकीचा पहिला घाव घालण्याआधी दगडावर तळहात ठेवून हळूच म्हणायचा, "लागंल रं जरा."

त्याला अक्षर येत नव्हते, पण या मुलखात कोणकोणती राज्ये होऊन गेली ते तो दगडांवरून सांगायचा. "खोपोलीच्या तळ्याचे चिरे बघ. सांध्यात पिंपळाचं पान जायाचं नाय. तवाचं सरकार दगडाला भीत व्हतं." आगगाडीच्या पुलांवर त्याने तरुणपणी काम केले होते. त्या दगडाला तो नावे ठेवत नसे. एवढेच म्हणे, "काम चोख हाय. पन त्याच्यावर कुनाची जबान नाय, नुसता आकडा हाय."

एकदा त्याने मला आणि आईला त्याच्या गावच्या देवळामागचा एक जुना शिलालेख दाखवायला नेले. वर चंद्रसूर्य होते, मधे झिजलेल्या ओळी, आणि त्याखाली आणखी काही चित्र. मी वाकून पाहणार, तोच नागूने डोक्याचे मुंडासे सोडून दगडाच्या खालच्या अर्ध्या भागावर टाकले.

"तिकडं नको बघूस, बाय. जो जबान मोडंल त्याच्या आईला दिलेली शिवी हाय. गाढव बी हाय."

आई पदर तोंडाला लावून हसली. मी कानापर्यंत तापले. कुठल्या राजाचा दगड, असे मी कसेबसे विचारले.

"त्ये मला काय ठावं? त्यो गेला, त्याच्यामागचा गेला, पेशवे बी गेले. पन ह्या दगडानं दिलेली गुरवाची जमीन गुरवाकडंच हाय ना? राजा मरतो गं. जबान दगडावर बसली म्हंजी ती मागनं येनाऱ्याला बी लागू."

शाळेत मी विलायतेच्या राजांची नावे क्रमाने पाठ केली होती. आपल्या देवळामागे एखादा राजा शब्द देऊन गेला आहे, हे मला तेथे कोणी सांगितले नव्हते.

सरकारने भिसेगावावरच्या डोंगराची हद्द आखायला घेतली, तेव्हा दगड घडवायचे काम नागूकडे आले. प्रत्येक दगडावर सरकारी बाण आणि आकडा कोरायचा. त्या बाणाला तो कावळ्याचा पाय म्हणायचा. दगड डोंगराच्या निम्म्यावर बसले. पहिला दगड उभा राहिला तेव्हा जंगलखात्याचा साहेब गावकऱ्यांना म्हणाला की दगडाच्या वर सरकारचे, खाली तुमचे. खाली राबाला फांद्या तोडाल तर कोणी विचारणार नाही. राब, म्हणजे वाफ्यावर पसरलेल्या फांद्या आणि पाला, जाळल्याशिवाय इकडे भाताचे रोप उभे राहत नाही. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. नागूने मात्र रात्रभर विचार केला आणि सकाळी पुन्हा डोंगर चढला. बाणाच्या मागच्या अंगाला, गावाकडे तोंड करून, त्याने प्रत्येक दगडावर चंद्रसूर्य कोरले. त्याला कोणी सांगितले नव्हते. साहेबाने येऊन त्यावर बोट फिरवले आणि हसून पुढे गेला, असे नागू सांगायचा. "म्हंजी कबूल झालं ना त्याला?"

तीन पावसाळे गेले. नवा साहेब आला, नवा नकाशा आला. तेच दगड उपटून बैलांनी ओढत खाली आणले आणि भातशेतीच्या बांधाला लागून पुन्हा पुरले. बाण तोच, आकडा तोच, चंद्रसूर्यही तेच. राबाचा सगळा उतार सरकारजमा झाला. फांद्या तोडणाऱ्या बायकांचे कोयते रखवालदारांनी काढून घेतले. त्या वर्षी बिनराबाचे रोप पिवळे पडले.

मग या तक्रारींच्या चौकशीला मोठे साहेब कर्जतला येणार, असे कळले. पुण्याहून आलेले एक वकील गावोगाव सांगत गेले की अर्ज लिहून द्या. नागू आमच्या ओसरीवर येऊन बसला.

"बाय, साहेबाला साहेबाच्या भाषेत लिही. म्हनावं, जबान दिली ती मी दगडावर बसवली. दगड हलवला तरी जबान हलत नाय. वर डोंगरात दगडांचे खड्डे अजून हाइत, येऊन बघा म्हनावं."

तो बोलला तसे मी लिहीत गेले. संध्याकाळी वडिलांनी कागद वाचला. "सरकारी दगडावर हुकमाशिवाय कोरणे गुन्हा आहे," ते म्हणाले. "म्हातारा तुरुंगात जाईल. आणि हे इंग्रजी कोणाचे, असा प्रश्न निघेल. कर्जतमध्ये ते कोणाचे असणार?" त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. त्यांची नोकरी जाईल, हे मला कळले.

मी कागद पुन्हा लिहिला. साहेबाने दिलेल्या वचनाचे वाक्य गाळले. दगडांवरची चंद्रसूर्याची आकृती अर्जदाराने केवळ शोभेसाठी काढली, असे इंग्रजीत घातले. दुसऱ्या दिवशी नागू आला तेव्हा त्याला अर्ज मराठीत वाचून दाखवला. पण वाचला तो पहिला, त्याने सांगितलेला. तो मान डोलवत ऐकत होता. शेतकरी अर्जाखाली नांगराची निशाणी करतात. नागूने निशाणी म्हणून लहानशी टाकी रेखली. इतकी नेटकी, की मला कागदाकडे पाहवेना.

चौकशी कर्जतच्या आमराईत तंबूत झाली. मी वडिलांबरोबर कनातीपाशी उभी होते. गावचे लोक एकेक करून बोलले. वचन दिल्याचा पुरावा काय, असे साहेबाने विचारले तेव्हा सगळ्यांनी नागूकडे बोट केले. शिरस्तेदाराने त्याचा अर्ज काढला, साहेबाला वाचून दाखवला आणि गावाला मराठीत सांगितला.

"नागू म्हणतो, चंद्रसूर्य त्याने शोभेसाठी काढले. वचनाचा यात उल्लेख नाही."

नागूने मान वळवून मला शोधले. फार वेळ नाही. एखादा चिरा सरळ आहे का ते बघायला तो एक डोळा मिटून जेवढा बघायचा, तेवढाच. मला फक्त एक वाक्य बोलायचे होते. ते मला दोन्ही भाषांत येत होते. मी वडिलांच्या कोटाची बाही धरून उभी राहिले.

"ही निशाणी तुझी का?" शिरस्तेदाराने विचारले.

"निशाणी माझीच हाय."

"मग यात लिहिलेले खरे?"

"निशाणी माझी हाय, म्हंजी झालं," नागू म्हणाला आणि खाली बसला.

उतार परत मिळाला नाही. नागूचे बोलणे लिहिले गेले असते तर मिळाला असता का, ते मला माहीत नाही. माहीत नाही, हेच मला आता कायमचे मिळाले आहे. गावात त्याला 'शोभेचा नागू' म्हणू लागले. विहिरीवर बायका विचारत, "काय रं, शोभा शिजवायची कशी? भातासारखीच का?" काही जण उघड म्हणत की त्याने चंद्रसूर्य कोरून सरकारची हद्द कायमची करून दिली. तो टाकी चालवत राहायचा. माझे नाव त्याच्या तोंडून निघाले असते तर ते माझ्या कानावर आल्याशिवाय राहिले नसते.

नंतर एका उन्हाळ्यात तो बांधाबांधाने फिरून दगडांवरचे चंद्रसूर्य तासून काढू लागला. बाणाला हात लावला नाही. रखवालदाराने धरून कचेरीत नेले, पण खोकल्याने वाकलेला म्हातारा पाहून सोडून दिले. तो परत गेला आणि राहिलेले दगड पुरे केले.

त्यानंतर तो एकदाच आमच्याकडे आला. न बोलावता. पाट्याला टाकी लावली. मधूनमधून खोकत, थांबत. तो गेला की पाट्याचा तो कोपरा खरवडलेला असणार, हे मी धरून चालले होते. उठताना तो म्हणाला, "तुजी ती भाषा मला कळत नाय, बाय. तोंड कळतं. वाचताना तू माझ्याकडं बघत नव्हतीस." मग हत्यारे गोळा करत म्हणाला, "मला तवाच कळाया पायजे व्हतं. माझी बी चूक हाय."

पावसाळ्याआधी तो वारला. त्याच्या घरच्यांनी टाकी आणि हातोडा विकून टाकला आणि ते घाटात खडी फोडायला गेले.

तो गेल्याचे कळले त्या दिवशी मी पाटा उलटा केला. चंद्रसूर्य जागच्या जागी होते. सूर्याच्या खाचेत साचलेले वाटणसुद्धा त्याने काडीने कोरून काढले होते. त्या पाट्याची कच अजून कधी चटणीत उतरलेली नाही. रोज वाटताना मी बोटांनी चाचपून बघते, आणि एखाद दिवशी तरी उतरावी, त्याचीही जबान मोडावी, असे मला वाटते.